तिकिटांच्या कडेकडेने : शिक्का मागायचा कसा?

गेल्या भागात हिक्कीमच्या टपालघराचे नाव ओझरते आले आणि एका वाचकाने नेमके विचारले : "तिथल्या पोस्टमास्तरांना ईमेल केला, तर पाकिटावर शिक्का मारून पाठवतील का?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण नव्या संग्राहकांपैकी निम्मे तरी इथेच अडतात.

हिक्कीमचे टपालघर १९८३ पासून स्पितीच्या खोऱ्यात, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. हवा असतो तो तिथल्या नावाचा, तारखेचा ठसा. तो तिथे हातानेच मारावा लागतो आणि त्यासाठी पाकीट तिथे पोचावे लागते. ईमेलने विनंती पोचेल. शिक्का मारायचा कशावर? म्हणून जाणते संग्राहक विनंती टपालानेच करतात. पत्रासोबत तिकीट लावलेले, स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट असतेच.

या पाकिटाचीही एक रीत आहे. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात, कडेपासून थोडे आत. पत्ता खाली आणि डावीकडे, म्हणजे ठशाला जागा राहते. आत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. पाकीट रिकामे असले तर कागद दबतो, शिक्क्याची एक कड उमटते आणि दुसरी गायब होते. सोबतची चिठ्ठी चार ओळींची, शक्यतो पोस्टमास्तरांना वाचता येईल अशा भाषेत : ठसा स्पष्ट यावा, तिकिटाच्या कोपऱ्यावरच थोडा चढावा, उरलेला पाकिटावर उमटावा. काही जण पेन्सिलीने फिकट वर्तुळ काढून जागाच दाखवतात; नंतर ते खोडता येते. हे सगळे मोठ्या लिफाफ्यात घालून स्पीड पोस्टने पाठवावे. साधे रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच सामावले आहे.

मग ईमेलचे काम काय? चौकशीचे. प्रदर्शनातला विशेष शिक्का बहुधा एकाच दिवसाचा असतो. तो कुठे आणि कधी मिळणार, बाहेरगावची पाकिटे घेणार का, हे आधीच विचारून ठेवावे. अमेरिकेत सचित्र शिक्क्यासाठी त्याच्यावरच्या तारखेनंतर ३० दिवसांपर्यंत टपालाने पाकिटे पाठवता येतात. ही मुदत आधी ठाऊक नसेल, तर सुबक पाकीटही कोरेच परत यायचे.

परदेशी विनंतीत आणखी एक पेच : परतीचे तिकीट त्या देशाचे लागते. त्यासाठी जागतिक टपाल संघाने १९०६ च्या रोम अधिवेशनात आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन आणले. एका देशात विकत घ्या, दुसऱ्या देशात त्याची तिकिटे घ्या. बॉस्टनच्या चार्ल्स पॉन्झीला १९१९ मध्ये स्पेनहून आलेल्या पत्रात असे कूपन मिळाले आणि दोन देशांच्या चलनांतल्या फरकावर त्याचा डोळा गेला. ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो, असे सांगून त्याने लोकांचे पैसे गोळा केले. प्रत्यक्षात जुन्यांचे देणे तो नव्यांच्या पैशातून भागवत होता. ऑगस्ट १९२० मध्ये सगळे कोसळले. त्याचे नाव आजही अशा फसवणुकीला चिकटलेले आहे, आणि कूपन मात्र दुर्मीळ होत चालले आहे : ब्रिटनने त्याची विक्री २०११ अखेर थांबवली, अमेरिकेने २०१३ मध्ये.

सर्वांत लांबचा शिक्का मात्र आपल्या गोव्याच्या वाटेने येतो. दक्षिण गंगोत्री या अंटार्क्टिकातल्या पहिल्या भारतीय तळावर १९८४ मध्ये टपालघर उघडले. पहिल्याच वर्षी तिथे सुमारे १०,००० पत्रांवर शिक्के पडले. तळ बर्फाखाली गेल्यावर १९९० मध्ये हे काम 'मैत्री'वर आले. ५ एप्रिल २०२४ रोजी 'भारती' तळावरही टपालघर सुरू झाले, 'एमएच-१७१८' या प्रायोगिक पिनकोडासह. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या मोहिमेबरोबर पाकिटे जातात, तिथे शिक्का बसतो आणि मोहीम परतली की ती टपालाने घरी येतात. यंदा पाकिटे घेणार का आणि कधीपर्यंत, एवढे ईमेलने आधी विचारून घ्यावे. मोहीम एकदा निघाली की पुढची संधी वर्षाने.