कीड सापळ्याचा पत्ता चुकतो तेव्हा : जीपीएस मॉड्यूल व मायक्रोकंट्रोलर यांच्यातील सिरियल संवादाची तपासणी

बेंगळुरूच्या पूर्वेस होसकोटे येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे केंद्र आहे. लडाखमधील हान्ले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर उभारलेली हिमालयन चंद्रा दुर्बीण या केंद्रातून उपग्रहाच्या दुव्याद्वारे चालविली जाते. दोन ठिकाणांतील अंतर सुमारे २२०० किलोमीटर आहे. तरीही हा संवाद शक्य होतो, कारण संदेशाची गती, रचना आणि अर्थ यांविषयी दोन्ही टोकांनी एकच नियम स्वीकारलेला असतो. याच परिसरातील मक्याच्या शेतात इलेक्ट्रॉनिक कामगंध सापळा लावला, तर त्यातील जीपीएस मॉड्यूल व मायक्रोकंट्रोलर यांच्यात जेमतेम वीतभर तार असते. नियम मात्र तोच लागू होतो आणि तो मोडल्यास सापळ्याची नोंद निरुपयोगी, प्रसंगी दिशाभूल करणारी ठरते.

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर आढळली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोहोचली. अशा वेगाने पसरणाऱ्या किडीच्या बाबतीत किती पतंग सापडले याइतकेच ते कोठे व केव्हा सापडले हे महत्त्वाचे असते. महाराष्ट्रात २००८ मधील सोयाबीनवरील किडींच्या उद्रेकानंतर २००९-१० पासून राबविण्यात आलेल्या क्रॉपसॅप प्रकल्पाचा पायाही ठिकाणनिहाय निरीक्षणे हाच आहे. ठिकाण चुकले, तर सल्लाही चुकीच्या गावी जातो.

लक्षणांवरून निदान

सिरियल संवादात दोन उपकरणांना जोडणारी घड्याळाची वेगळी तार नसते. दोघांनीही ठरलेल्या गतीने क्षण मोजायचे असतात. प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे निओ-६एम मॉड्यूल मूळ मांडणीत ९६०० बॉड गतीने बोलते. या गतीत एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला ९६० अक्षरे जातात. संदेश एनएमईए ०१८३ या प्रमाण पद्धतीत असतो. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, स्वल्पविरामांनी विभागलेले असते आणि तारांकनानंतरच्या दोन अंकी पडताळणी संकेताने संपते.

रोगाचे निदान जसे लक्षणांवरून होते, तसेच येथेही होते. पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर दोष बहुधा जोडणीत असतो. मॉड्यूलची प्रेषक तार मायक्रोकंट्रोलरच्या ग्राहक टोकाला जोडावी लागते. प्रेषक प्रेषकाला जोडल्यास दोघेही बोलतात, ऐकत कोणीच नाही. दोन्हींचे ग्राउंड एक असणेही अनिवार्य आहे. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर, तर मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या संकेतांवर चालते. म्हणून उनोकडून मॉड्यूलकडे जाणाऱ्या तारेवर दोन रोधकांचा विभाजक लावावा.

निरर्थक चिन्हे उमटत असतील, तर बॉड दर जुळलेला नाही. वाक्ये स्वच्छ, पण स्वल्पविरामांमधील जागा रिकाम्या असतील, तर सिरियल संवाद निर्दोष आहे. मॉड्यूलला फक्त उपग्रह सापडलेले नाहीत. आरएमसी वाक्यात त्या वेळी स्थितिदर्शक अक्षर ‘ए’ ऐवजी ‘व्ही’ असते. अशा वेळी तारा बदलत बसण्यापेक्षा अँटेना मोकळ्या आकाशाखाली न्यावा.

वाक्ये मध्येच तुटत असतील, तर कारण आज्ञावलीत शोधावे. उनोची ग्रहण स्मृती ६४ अक्षरांची असते आणि ९६०० बॉडला ती सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरते. तापमान संवेदकासाठी आज्ञावली एक सेकंद थांबली, तर पुढची अक्षरे हरवतात. थांबा काढून अक्षरे सतत वाचणे आणि पडताळणी संकेत न जुळणारे वाक्य टाकून देणे, हाच उपाय. एकाहून अधिक उपग्रह प्रणाली वापरणारी नवी मॉड्यूल वाक्याच्या आरंभी ‘जीपी’ ऐवजी ‘जीएन’ लिहितात. केवळ ‘जीपी’ शोधणाऱ्या आज्ञावलीला ती मुकीच वाटतात.

न दिसणारी चूक

वरील सर्व दोष स्वतःहून उघड होतात. खरा धोका असतो तो सुरळीत चालणाऱ्या संवादाच्या चुकीच्या वाचनात. एनएमईए पद्धतीत अक्षांश व रेखांश अंश आणि मिनिटे सलग लिहून दिले जातात. होसकोटेजवळच्या सापळ्याचा अक्षांश १३०४.२००० आणि रेखांश ०७७४७.८८०० असा येईल. म्हणजे १३ अंश ४.२ मिनिटे व ७७ अंश ४७.८८ मिनिटे. मिनिटांना ६० ने भागले की १३.०७ आणि ७७.७९८ हे दशांश अंश मिळतात. भागाकार विसरून नुसते दशांश चिन्ह सरकवले, तर १३.०४२ आणि ७७.४७९ असे आकडे येतात. सापळा दक्षिणेकडे सुमारे ३ आणि पश्चिमेकडे सुमारे ३५ किलोमीटर सरकतो. शहराच्या पूर्वेकडील शेतातले पतंग नकाशावर शहर ओलांडून पश्चिमेला, नेलमंगलाच्या बाजूला दिसू लागतात. आकडे विश्वसनीय वाटतात, म्हणून शंकाही येत नाही.

वेळेचेही तसेच आहे. मॉड्यूल जागतिक प्रमाणवेळ देते. भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. लष्करी अळीचे पतंग निशाचर. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत सापळ्यात आलेल्या पतंगांची नोंद दुरुस्ती न केल्यास आदल्या दिवसाच्या तारखेवर पडते. एकाच रात्रीची आवक तापमान व पावसाशी जुळवून पाहताना ही चूक निष्कर्षच बदलू शकते.

शेतात जाण्यापूर्वी

प्रथम मॉड्यूल यूएसबी परिवर्तकाद्वारे थेट संगणकाला जोडून कच्ची वाक्ये वाचावीत. ती नीट आली, तर दोष मॉड्यूलमध्ये नाही हे निश्चित होते. नंतर मायक्रोकंट्रोलर जोडावा आणि कच्चे वाक्य व रूपांतरित आकडे दोन्ही साठवावेत, म्हणजे चूक उशिरा कळली तरी नोंदी दुरुस्त करता येतात. शेवटी स्थान निश्चित ठाऊक असलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ कार्यालयाच्या अंगणात, उपकरण ठेवून मिळालेला बिंदू नकाशावर पाहावा. या पडताळणीला काही मिनिटे पुरतात. ती न केल्यास संपूर्ण हंगामाच्या नोंदींवर पाणी सोडावे लागू शकते.