टेबलाच्या आधी आलेला स्वर

हंगेरी देशात टेबलाला ‘ऑस्तॉल’ म्हणतात. सुतार म्हणजे ‘ऑस्तॉलोश’ आणि टेबल टेनिस म्हणजे ‘ऑस्तॉलितेनिस’. हा शब्द तेथे घरोघरी वापरतात. पण गंमत अशी, की तो मूळचा हंगेरियन नाही!

इ. स. ८९५ च्या सुमारास हंगेरियन लोक पूर्वेकडून कार्पेथियन पर्वत ओलांडून आजच्या हंगेरीत आले. तेथे स्लाव्ह भाषा बोलणारे लोक त्यांचे शेजारी झाले. त्या भाषांत टेबलाला ‘स्तोल’ म्हणत. रशियन भाषेत आजही तोच शब्द आहे. हंगेरियन भाषेने तो उचलला. मग आरंभीचा ‘ऑ’ कोठून आला?

‘स्तोल’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. स् आणि त यांच्यामध्ये स्वर नाही. जुन्या हंगेरियन भाषेत शब्दाच्या आरंभी असे जोडाक्षर येत नसे. म्हणून बोलणाऱ्यांनी आधी एक स्वर जोडला. त्यामुळे ‘ऑस्‌-तॉल’ असे दोन तुकडे पडले. स् पहिल्या तुकड्यात गेला, त दुसऱ्यात राहिला. अडचण सुटली!

हा काही एकाच शब्दाचा योगायोग नव्हे. शाळा या अर्थाचा लॅटिन शब्द ‘स्कोला’ हंगेरीत ‘इश्कोला’ झाला. ‘स्तेफानुस’ या नावाचे ‘इश्त्वान’ झाले. इ. स. १०३८ मध्ये मरण पावलेला हंगेरीचा पहिला राजा याच नावाचा होता.

फिनलंडची फिनिश भाषा ही हंगेरियनची दूरची नातेवाईक. तिने जर्मन कुळातील भाषांकडून खुर्चीसाठी ‘स्तोल’ असाच शब्द घेतला. पण तिने स्वर जोडला नाही, उलट स् गाळून टाकला. शब्द झाला ‘तुओली’! अडचण एकच, उपाय मात्र दोन.

आता आपल्याकडे या. ‘स्टेशन’ला कोणी ‘इस्टेशन’ म्हणतो, तर कोणी ‘ठेसन’. पहिल्याने स्वर जोडला, दुसऱ्याने स् गाळला. संस्कृत ‘स्कंध’पासून आपला ‘खांदा’ झाला, तोही स् गाळूनच.

तेव्हा कोणाच्या आजी ‘इस्कूल’ म्हणाल्या, तर हसू नका. तो आळस नव्हे, अडाणीपणाही नव्हे. जीभ आपल्या सवयीच्या नियमाने चालते, इतकेच. हंगेरीत तर गुरुजीसुद्धा शाळेला ‘इश्कोला’च म्हणतात!