झिजणाऱ्या देहाचा हिशेब

निपाणी म्हटले की तंबाखूच्या वखारी डोळ्यांपुढे येतात आणि १९८१ चे आंदोलन आठवते. रास्त भावासाठी महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर त्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि बारा जण प्राणांस मुकले. तंबाखूचे मोल काय, हा प्रश्न त्या दिवशी देशापुढे आला. परंतु तीच तंबाखू चाळताना, पोती उचलताना आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना देह किती झिजतो, हा प्रश्न मागेच राहिला.

योगायोग असा की, त्याच १९८१ साली अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने हातांनी ओझे उचलण्याविषयी मार्गदर्शिका काढली. तिच्यामागे ज्यांचे संशोधन होते, त्यांत मिशिगन विद्यापीठाचे डॉन चॅफिन अग्रगण्य होत. मानवी हालचालींचे शास्त्र आणि संगणक यांची सांगड घालणे हे त्यांचे जीवनकार्य ठरले. कामाला लागणारी ताकद कामगाराच्या ताकदीपेक्षा अधिक असेल, तर कंबरदुखी वाढते, हे त्यांनी १९७३ मध्ये प्रत्यक्ष पाहणीतून दाखविले. पुढे त्यांच्या विद्यापीठात तयार झालेल्या संगणकीय प्रणालीत शरीराची ठेवण आणि हातातील वजन भरले, की प्रत्येक सांध्यावरचा भार आणि ते काम किती स्त्री-पुरुषांच्या आवाक्यातले आहे, हे कळू लागले. १९९८ साली त्यांनी मानवी हालचालींचे अनुकरण करणारी प्रयोगशाळा उभारली. यंत्र वा कामाची जागा बांधण्यापूर्वीच तेथे वावरणारा माणूस कसा वाकेल, कसा वळेल, याचा अंदाज बांधता यावा, हा तिचा हेतू.

यामागील तत्त्व तरफेचे, म्हणजे आपल्या मोटेवरच्या शेतकऱ्यालाही परिचित असलेले. वीस किलोचे पोते कण्यापासून चाळीस सेंटिमीटर दूर धरले, तर कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असलेल्या पाठीच्या स्नायूंना आठपट, म्हणजे एकशे साठ किलोचा ताण सोसावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात निराळे. कमरेच्या मणक्यावर सुमारे साडेतीनशे किलोहून अधिक दाब येऊ नये, असे त्या मार्गदर्शिकेने सुचविले. १९९१ च्या सुधारणेत तर सर्व अनुकूलता असतानाही तेवीस किलोची मर्यादा घातली.

मात्र ही गणिते जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत. ती मुख्यतः परदेशी देहांच्या मोजमापांवर उभी आहेत, आणि ओझ्याचा नियम विडी वळणारीच्या वाकलेल्या मानेविषयी, अखंड चालणाऱ्या बोटांविषयी काहीच सांगत नाही. हजारी दराने मजुरी मिळते, तेथे विसावा म्हणजे बुडालेली मजुरी. आपल्या किनाऱ्यावर टोपली वाहणाऱ्या मासेविक्रेतीचीही कथा फारशी वेगळी नाही.

बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९८ पासून तंत्रविद्यापीठही आहे. वैद्य आणि अभियंते एकाच शहरात असताना, तासा-दीड तासाच्या अंतरावरील निपाणीत श्रमणाऱ्या देहाचे मोजमाप घेणे अशक्य का असावे? सीमाभागात भाषेचा वाद आहे. दुखणाऱ्या कण्याला मात्र भाषा नसते. चॅफिन यांच्या कार्याचे सार एवढेच की, माणसाला कामाच्या साच्यात कोंबू नये, काम माणसाच्या मापाने बेतावे. मालाला रास्त भाव मिळावा म्हणून ज्या मातीने रक्त सांडले, तिने राबणाऱ्या देहाचाही रास्त हिशेब मागावा, हेच न्याय्य होय.