वऱ्हाड प्रांत कर्जापायी कसा गेला?

आपली खटकचिंचोळी आणि सारा बीदर जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्ही वाचलेच आहे. या संस्थानावर एकदा असे कर्ज चढले, की त्यापायी मुलूखच्या मुलूख हातचे गेले.

संस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज होती. तिला कंटिंजंट म्हणत. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा! पगार थकला की कंपनी सरकार तो आपल्या तिजोरीतून देई आणि निजामाच्या नावे व्याजासह मांडून ठेवी. बाकी फुगत गेली. शेवटी 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले. 1860 साली धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुमारे 50 लाखांची बाकीही माफ झाली. वऱ्हाड मात्र गेला तो गेलाच. 1902 साली सालीना 25 लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला.

वऱ्हाडची काळी जमीन कापसाची. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. साहजिकच आपल्याकडच्या कापसाला भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापूस मुंबईहून विलायतेला जाई आणि तिकडचे कापड इकडे येई.

आता विचारवंत काय म्हणतात ते पाहू. सतराव्या शतकातील इंग्रज व्यापारी थॉमस मन याचे मत असे, की देशाने विकावे जास्त व घ्यावे कमी, म्हणजे संपत्ती वाढते. 1817 साली डेव्हिड रिकार्डोने वेगळा विचार मांडला. चांगला सुतार नांगरटही चांगली करीत असेल, तरी रंधा सोडून तो औत धरीत नाही. नांगरट दुसऱ्याकडून करून घेतो आणि त्यात दोघांचाही फायदा होतो. देशांचेही तसेच.

मनच्या हिशेबाने हिंदुस्थान श्रीमंत व्हायला हवा होता, कारण आपली निर्यात आयातीपेक्षा जास्त होती. मग दारिद्र्य का? 1876 साली दादाभाई नौरोजींनी याच विषयावर मुंबईत निबंध वाचला. त्यांचे उत्तर असे : वरचा पैसा आपल्याकडे येतच नाही. इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च यांत तो तिकडेच जिरतो. मराठीत तर त्याच्याही आधी, 1843 साली, रामकृष्ण विश्वनाथ यांनी देशाच्या स्थितीवर पुस्तक लिहिले होते. इतक्या लवकर हा विचार आपल्या भाषेत झाला, याचा अभिमान वाटायला हवा.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1890 च्या पुण्यातील औद्योगिक परिषदेत थोडी निराळी बाजू मांडली. बाहेर जाणाऱ्या पैशाचा काही भाग आपण घेतलेल्या भांडवलाचे व्याज आहे आणि ते स्वस्तही आहे. त्याबद्दल कुरकुर कशाला? खरे दुखणे म्हणजे सारा देश शेतीवर ढकलला गेला आणि कच्चा माल विकत बसला. 1892 साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी सांगितले, की इंग्लंडात बसलेले अर्थशास्त्राचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उद्योगांना सरकारने हात दिला पाहिजे.

मला रानडे अधिक पटतात. पण वऱ्हाडच्या बाबतीत नाही. विहिरीसाठी काढलेले कर्ज पाण्यातून फिटते. कंटिंजंटच्या कर्जातून संस्थानाला ना विहीर मिळाली ना गिरणी, आणि फौज किती ठेवायची हेही निजामाच्या हाती नव्हते.

आज आपल्याकडच्या तुरीचा भाव म्यानमार आणि मोझांबिकहून किती तूर येते यावरही हलतो. स्वस्त आहे तिथून घ्या, असे रिकार्डो म्हणाला असता. रानड्यांनी विचारले असते, तुमच्या तुरीची डाळ कुठे होते? याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. कलबुर्गीत तूर पिकते आणि तिची डाळही तिथल्याच गिरण्यांत होते. त्या डाळीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.