गाडीचे दार आपटू नका, आधी धूळ काढा

कापसाच्या दिवसांत गाडी पांदण रस्त्याने हिंडली की काळ्या मातीची भुकटी दाराच्या लॉकमध्ये शिरते. जुन्या ग्रीसमध्ये तिचा लगदा होतो अन् दार लागत नाही. मग आपण काय करतो? जोरात आपटतो! (मीही आपटले आहे.)

दाराच्या कडेला लॉकचा आकडा असतो. दार उघडे असतानाच तो मिटलेला दिसला, तर बाहेरचे हँडल ओढून धरा, पेचकसाने आकडा मोकळा करा, मगच दार लावा. डिझेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने तो धुवा, पुसा, बोटभर ग्रीस लावा. जास्त लावाल तर धूळ पुन्हा चिकटेल. किल्ली जड फिरत असेल तर तेल नको. शिसपेन्सिलीची पूड किल्लीला चोळून चार वेळा फिरवा.

मागचे दार फक्त आतून उघडत नसेल, तर त्याच कडेवरचा मुलांच्या सुरक्षेचा बारीक खटका लागला का ते पाहा. तरीही उघडले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत लेकरांना बसवू नका. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो. उन्हातली बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

हँडल ढिले लागले, तर आतली सळई निसटली असेल. दाराचा पत्रा उघडण्यापूर्वी बॅटरीची तार तेवढी सोडा.