दांतांतील पाणी

शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत तेथील पांढरीचें उत्खनन केलें, तेव्हां सुमारें ३००० वर्षांपूर्वीचे मृतदेह घरांच्या जमिनीखालीं पुरलेले आढळले; प्रौढांचीं पावलें बहुधा तोडलेलीं! हे लोक तेथलेच, कीं परमुलखांतून आलेले?

कायमच्या दांतांवरील कठीण कवच बालपणीं घडतें व पुढें बदलत नाहीं. त्यांतील प्राणवायु मुख्यतः त्या वयांत प्यालेल्या पाण्याचा. प्राणवायूचे बहुतेक परमाणु वजनानें १६, तर थोडे १८ असतात. सह्याद्रीवर चढणारा ढग जड पाण्याचा अधिक वांटा आधीं टाकतो. उलट तळें उन्हानें आटूं लागलें कीं जड पाणी मागें उरतें. म्हणून गांवोगांवच्या विहिरी तपासून या प्रमाणाचा नकाशा करतां येतो. दांत त्याच्याशीं जुळला नाहीं, तर माणूस बहुधा बाहेरचा. जुळला, तरी तसलेंच पाणी दुसऱ्या मुलखांतहि असूं शकतें.

आणखी एक अडचण आहे. शेजारच्या दौंड तालुक्यांत खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी विहिरींत झिरपतें. तें सह्याद्रीवरच्या पावसाचें. जुन्या भीमाकांठाबद्दल त्याची साक्ष काय कामाची? नकाशासाठीं कालव्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीच निवडाव्या लागतात.