डासाला पाण्यातच गाठा

तिन्हीसांजेला कडुनिंबाचा पाला जाळायचा, लिंबात लवंगा टोचून उशाशी ठेवायच्या, गॅलरीत गवती चहाची कुंडी ठेवायची. डासांवरचे नैसर्गिक उपाय म्हटले की हेच आठवतं. पण हे सारे उपाय डास उडायला लागल्यानंतरचे आहेत. डास जन्मतो पाण्यात, आणि त्याचा बंदोबस्त सर्वांत सोपाही तिथेच असतो. मुंबईतल्या मलेरियाची १९११ च्या सुमारास डॉ. बेंटली यांनी पाहणी केली, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते शहरातल्या विहिरींवर.

डेंगी पसरवणारा एडिस डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, नारळाची करवंटी, काहीही त्याला पुरतं. पिंपात निरखून पाहा. शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या वर लावून उलट्या लटकलेल्या अळ्या दिसतील; सावली पडली की त्या वळवळत तळाशी जातात. अंड्याचा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा तो यासाठीच. मात्र नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून भांडं काथ्याने खसखसून घासायला हवं.

नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तिथे पिंपं रिकामी कशी करायची, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अशा वेळी पिंपाला जाड कापड घट्ट बांधावं, वापरायच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडावेत आणि पिंप संपलं की भरण्याआधी घासून घ्यावं. पिढ्यान्‌पिढ्या धुरी करत आलो, ती काय वाया गेली, हा दुसरा आक्षेप. धुराने डास काही वेळ दूर राहतात, हे खरं. पण एडिस चावतो मुख्यतः दिवसा, आणि कोंडलेला धूर लहान मुलांच्या, दमेकऱ्यांच्या छातीला त्रास देतो. गवती चहाच्या जातीच्या सिट्रोनेला तेलाचा असर तास-दोन तासांत उडून जातो आणि नुसत्या कुंडीने तर डास हटत नाहीत. त्यापेक्षा पंखा बरा: डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही, शिवाय ज्या उच्छ्वासाच्या मागावर तो येतो तोही वाऱ्याने पांगतो. दुपारी झोपलेल्या बाळाला मच्छरदाणी हवीच.

शेजारच्या गच्चीवर पाणी साचलेलं असेल तर आपल्या एकट्याच्या कष्टांना मर्यादा पडते. पण एडिस सहसा फार लांब उडत नाही, त्यामुळे एक इमारत, एक आळी जरी एकत्र आली तरी फरक पडतो. येत्या रविवारी घरातलं, गच्चीवरचं प्रत्येक भांडं उपडं करा, घासा, आणि शेजाऱ्यालाही हाक मारा.